इतर हक्क

मंगळवार, 10 जानेवारी 2017. पौडला तहसील कचेरीच्या वाटेवरच्या एका गाळ्याचं शटर तुम्ही वर ढकलता. रात्रभर आत कोंडलेला गारठा अंगावर येतो. एक टेबल, त्याच्या काचेखाली मुळशी तालुक्याचा नकाशा, प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, कोपऱ्यात फायलींचं लोखंडी कपाट. बाहेर पाटी आहे : जागा, जमीन, प्लॉट खरेदी-विक्री. हा गाळा आज तुमचा आहे. तुम्ही पुढच्या काळातून इथे आला आहात, पण हात या गाळ्यातल्या माणसाचे आहेत आणि हातांना सगळं ठाऊक आहे. आधी उदबत्ती. मग काच पुसायची. मग वही उघडायची.

वहीत दसऱ्यापर्यंतची पानं गच्च भरलेली. कोण आलं, कुठली जागा दाखवली, रोड टच की आतली, गुंठ्याला काय भाव बोलला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पानांवर नुसत्या तारखा आहेत. 8 नोव्हेंबरच्या रात्री आठला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि सकाळपासून पार्ट्या फोन उचलेनाशा झाल्या. या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. इसार देईपर्यंत पार्टी गोड बोलते आणि पुढचा हप्ता आला की तिच्या घरी कोणीतरी आजारी पडतं. पण या वेळी बहाणा कोणाचाच नव्हता. पैसाच नव्हता.

जमिनीचा भाव खोऱ्यात दोन आकड्यांत बोलला जातो, एक नंबरचा आणि दोन नंबरचा. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीने घ्यायला जून 2015 पासून आयकर कायद्याने मनाई आहे, तरी बोलणी पूर्वीसारखीच चालत होती. आता दुसरा आकडा एका रात्रीत पुसला गेला आणि पहिल्यावर जमीन द्यायला मालक तयार नाही. ज्याने दसऱ्याला रोकड मोजून घेतली, तो त्या नोटा घेऊन जिल्हा बँकेच्या दारात उभा राहिला. तिथे 14 नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी आली. खोऱ्यातल्या शेतकऱ्याचं खातं बहुधा तिथेच. आज जानेवारीतही आठवड्याला 24 हजारांवर पैसे काढता येत नाहीत. एवढ्यात मजुरी भागते, जमीन कुठली?

त्यात पौष चालू आहे. शनिवारी संक्रांत. पौषात इसार द्यायचा नाही, हे शहरातली पार्टीसुद्धा पाळते. म्हणजे महिनाअखेरच्या अमावास्येपर्यंत या खुर्चीवर कोणी बसणार नाही, हे ठरल्यासारखंच.

शेजारच्या टपरीवर तालुक्यातले चार एजंट चहा घेत उभे आहेत. एरवी एकेका सौद्यात सहा-सात जणांची साखळी असते. मालकाचा माणूस, त्याचा मेव्हणा, पिरंगुटचा कोणीतरी, कोथरूडचा कोणीतरी, आणि दोन टक्के सगळ्यांत वाटायचे. आज साखळीतले सगळे समोरासमोर आहेत आणि वाटायला काही नाही. एक जण म्हणतो, “उन्हाळ्यापर्यंत उठंल बाजार.” दुसरा म्हणतो, “मेपासून सरकार आपल्यालाबी नोंदणी करायला लावणार हाय म्हणं.” सगळे तुमच्याकडे बघतात, कारण वर्तमानपत्र नीट वाचणारे तुम्ही.

तुमच्या जिभेवर येतं. 1 मे 2017 ला रेरा हा स्थावर मालमत्तेचा कायदा पूर्णपणे लागू होईल आणि प्रकल्पातली घरं, प्लॉट विकणाऱ्या एजंटाला महारेराचा नोंदणी क्रमांक लागेल. पुढच्या वर्षी, 23 नोव्हेंबर 2018 ला, ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा सिनेमा येईल आणि जमीन विकून रस्त्यावर आलेल्या पोरांची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला या तालुक्याच्या नावाने कळेल. 2020 मध्ये सगळं जग घरात बसेल, आणि घरात बसलेली शहरं याच रस्त्याने फार्महाऊसची जागा शोधत येतील. जुलै 2021 मध्ये नोंदणी खात्याचं परिपत्रक निघेल, 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आठवण करून देईल आणि एक-दोन गुंठ्यांची खरेदीखतं दुय्यम निबंधकाच्या खिडकीवरून परत येतील. यातलं काहीच तुम्हाला सांगता येत नाही. काळातून आलेल्या माणसाला तेवढी एक मनाई असते. तुम्ही म्हणता, “बघू, पाडव्यापर्यंत थांबू,” आणि कप ठेवून गाळ्यात परत येता.

हे थांबणं या माणसाच्या अंगाला नवीन आहे. त्याची जडणघडण तेजीत झाली. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यातलं. तिथल्या भाताच्या खाचरांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मोबदल्याचा पैसा हातात आलेला शेतकरी आणखी पश्चिमेला जमीन बघू लागला. त्याच्या मागून संगणकावर काम करणारी पोरं आली. मग मोसे खोऱ्यात लवासा हे नवं शहर. 2006-07 च्या आसपास चांदणी चौकापासून भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत रस्त्याला चिकटलेली जमीन संपली आणि एजंट डोंगराकडे सरकले. एकच जागा साठेखतावर चार महिन्यांत तीन हात बदलायची. खरेदीदाराने जागा पाहिलेलीही नसायची. बांध कुठे, वहिवाट कुठून, गाडीवाट कोणाच्या शेतातून जाते, हे विचारायला सवड कोणाला होती? नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लवासाचं काम थांबवायला लावलं, तेव्हा पहिल्यांदा या रस्त्यावर पाय अडखळला. पण तो धक्का एका खोऱ्यापुरता होता. या नोव्हेंबरने सगळा तालुका गप्प केला.

म्हणून आज तुम्ही कपाट उघडता. जे वाचायचं राहून गेलं ते वाचायला.

वरचीच फाईल कोळवण खोऱ्यातली. दोन एकर बारा गुंठे, वडिलोपार्जित, भोगवटादार वर्ग 1. शेजारच्या गटाला कुळकायद्याच्या कलम 43 ची अट आहे, तशी याला नाही. दसऱ्याला टोकन झालेलं. पार्टी हिंजवडीतला मुलगा, मूळचा मराठवाड्याचा. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं म्हणून त्याच्याकडून वडिलांचा गावाकडचा सात-बारा मागवून घेतलेला. जमिनीचे मालक दोघे भाऊ, आबा आणि नाना. तुमच्याच गावचे, तुमच्या वडिलांच्या बरोबरीचे.

सात-बारा तुम्ही शंभर वेळा हाताळला आहे. एजंटाची नजर ठरलेल्या जागी पडते. क्षेत्र, पोटखराबा, आकार, भोगवटादाराचं नाव. बाजूला एक रकाना असतो, ‘इतर हक्क’. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथे, विहिरीतला वाटा तिथे, कुळाचं नाव तिथे. बोजा दिसला नाही की नजर पुढे सरकते. आज सरकत नाही. तिथे एका बाईचं नाव आहे आणि त्याखाली फेरफार क्रमांक.

तो फेरफार तुम्ही काढता. 2003. आबांचे वडील गेले, त्यानंतरची वारसनोंद. मयताला वारस तीन : मुलगा, मुलगा, मुलगी. मुलांची नावं भोगवटादार म्हणून लागली. मुलीचं नाव इतर हक्कात. गावोगाव असंच व्हायचं. पंचासमोर विचारायचे, मंडल अधिकारी प्रमाणित करायचे, कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. बोजा, विहीर, कुळ आणि बहीण, अशा एका रांगेत तिला बसवायचे.

तेजीत अशा नावाचा निकाल एका दिवसात लागायचा. विक्रीच्या आदल्या आठवड्यात भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारात. लुगडं, पेढे, थोडी रक्कम, आणि पौडला दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र. बहीण अंगठा लावायची, फोटो काढून द्यायची, संध्याकाळच्या एसटीने परत. जमीन किती, कुठली, केवढ्याला चालली, तिला कोणी सांगायचं नाही आणि तीही विचारायची नाही. विचारलं तर माहेर तुटतं. या माणसाच्या हातून अशी किती हक्कसोडपत्रं झाली? हात आठवू लागतात. तुम्ही वही बंद करता.

शेजारच्या गाळ्यात वकील बसतात. तेही मोकळेच आहेत. फाईल बघून ते म्हणतात, “हिस्सा आहे बाईचा. वडील 2003 ला वारले ना? मग बारीक आहे.” त्यांचं बरोबर आहे, आजच्या दिवशी. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. पण ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलवतीच्या खटल्यात सांगितलं की त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायला हवेत. तुम्हाला मात्र 11 ऑगस्ट 2020 माहीत आहे. त्या दिवशी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींचं पीठ ही अट काढून टाकील. वडील कधी गेले याला अर्थ उरणार नाही, मुलगी जन्मानेच वाटेकरी ठरेल. साडेतीन वर्षं पुढचा तो कागद तुमच्या खिशात नाही. वकील विचारतात, “हक्कसोड ड्राफ्ट करून ठेवू का? बाजार उठला की घाई होते.” तुम्ही म्हणता, “आधी बाईंना भेटून येतो.”

मोटारसायकल मुळशी धरणाच्या दिशेने निघते. दोन्ही बाजूंना भात निघून गेलेली खाचरं, मधूनच ओलीवर पेरलेला हरभरा. मालेच्या पुढे वळणावर एकदम पाणी दिसतं. पार्टीला घेऊन आलं की इथेच गाडी थांबवायची, हे हातांना माहीत आहे. लेक टच म्हणून इथे भाव वाढतो. आज तुम्ही थांबत नाही.

आत्या अंगणात बसली आहे. गावची लेक म्हणून ती तुमची आत्या. सत्तरीची, पण डोळे लख्ख. “कोन, रे? आबाच्या आळीचा नव्हं तू?” ती ओळखते. पाण्याचा तांब्या येतो, मग गुळाचा चहा. तुम्ही फाईल पिशवीतून काढत नाही, पण पिशवी तिने बघितलेली आहे.

“सही पायजे व्हय माजी?”

एवढ्या सरळ प्रश्नाची तुम्हाला सवय नाही. तुम्ही म्हणता, “आज नको आत्या. नुसतं सांगायला आलोय, तुमचं नाव कुठं लागलंय ते.”

ती गप्प राहते आणि मग पाण्याकडे बोट करते. “आमची ह्या घराची जमीन ततं हाय. खाली.” सासू तिची त्या वेळी सहा-सात वर्षांची होती. तिने सांगितलेलं आत्याने जपलं आहे. आत्या बोलू लागते, आणि तिच्या बोटाच्या रोखाने तुम्ही आणखी मागे जाता.

पाणी ओसरतं. 16 एप्रिल 1921, रामनवमी. निळा आणि मुळा या दोन नद्या उन्हात बारीक झालेल्या, आणि काठाने खाचरंच खाचरं, आंबेमोहराची. राब भाजून काळे पडलेले तुकडे तुमच्या पायाखाली. टाटा कंपनीच्या धरणाच्या पायाचं खोदकाम सुरू आहे आणि बाराशेच्या आसपास मावळे त्या पायावर जाऊन बसले आहेत. तुम्ही त्यांच्यात बसता. ढेकळं तापलेली, तोंडाला कोरड. पुढे पांडुरंग महादेव बापट आहेत. याच लढ्याने त्यांना सेनापती केलं. विनायकराव भुस्कुटे आहेत. घोषणा एकच, जान किंवा जमीन. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी म्हणून इथलं पाणी अडवून डोंगरापलीकडे, कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं आहे. पन्नासच्या वर गावं बुडायची आहेत आणि 1894 चा भूसंपादन कायदा कंपनीच्या बाजूने उभा आहे. काम काही काळ थांबेल, पुन्हा सुरू होईल, लढा 1924 पर्यंत चालेल. सेनापती तुरुंगात जातील. धरण होईल.

तुमच्या शेजारी एक माणूस बसला आहे, अंगात बंडी, हातात काठी. तुम्ही त्याला विचारता, तुमचं किती जाणार? तो म्हणतो, “कसतो मी. कागद सावकाराचा.” आत्याच्या सासूच्या बापाचं असंच होतं. कर्जापायी मुळशी पेट्यातली कितीतरी खाचरं तोवर पुण्याच्या सावकारांच्या नावे झाली होती. मोबदला नावाला मिळतो, नांगराला मिळत नाही. जो बसला होता त्याच्या वाट्याला वरच्या अंगाचा डोंगर आला आणि ज्याचं नाव लागलं होतं त्याने पैसे घेतले.

“सासू म्हनायची,” आत्याचा आवाज तुम्हाला पुन्हा अंगणात आणतो, “आपलं नाव कुटं असतं तर कुनी ईचारलं असतं.”

हे ऐकून तुमच्या पोटात जे होतं ते लिहून सांगण्यासारखं नाही. तुम्ही या तालुक्यात जमीन विकता. पंचाण्णव वर्षांपूर्वी पैसा असाच घाईत आला होता, 2006 ला असाच आला, पुढेही येईल. प्रत्येक वेळी खोऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो : कागदावर कोण आहे? जो नाही, तो बाजूला हो. हे नाव नीट बघायला वेळ मिळतो तो फक्त अशा पडत्या दिवसांत, पार्टीचा फोन वाजत नाही तेव्हा. जमीन इथे शेकडो वर्षं आहे, तिला पडून राहण्याचं काही वाटत नाही. घाई आपल्याला असते, हप्त्यांमुळे. या माणसाच्या गाडीचा हप्ता थकलेला आहे, पोरीची फी भरायची आहे. हा सौदा पार पडला तर दोन्ही सुटतात. तेही तुम्हाला ठाऊक आहे, कारण हात त्याचे आहेत.

आत्या उठते. “चल. दाव मला.”

“काय?”

“ज्याच्यावर सही करायची ते. लगीन होऊन आले तवापास्नं बांदावर गेले न्हाई मी. घरात जायची, जेवायची, यायची.”

मोटारसायकलवर ती एका अंगाला बसते, पदर कमरेला खोचून. पौड मागे टाकून कोळवणच्या रस्त्याला लागता. दुपार कलली आहे. गटाच्या कडेला उतरल्यावर तुम्ही नेहमीचं सुरू करता, इथून इथपर्यंत, वरच्या बाजूला ओढा, पलीकडे पाटलांचं. दोन एकर बारा गुंठे, म्हणजे ब्याण्णव गुंठे, गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस फूट. ती ऐकत नाही. ती बांधावरून चालत आहे. एका ठिकाणी थांबून पायाने माती दाबते.

“ह्या खाचराला धा मन भात यायचं. त्या खालच्याला कमी, पानी ऱ्हायचं न्हाई. हितं आवणाला मी आईसंगं असायची. आंबा व्हता हितं.”

आंबा नाही. बुंधा आहे, करवतीने सपाट कापलेला. भाव वाढवायचा तर जागा मोकळी दिसायला हवी, असं दोन वर्षांपूर्वी कोणीतरी नानांना सांगितलं होतं. कोणी, ते या हातांना माहीत आहे.

आत्या बुंध्यावर बसते. बराच वेळ. मग विचारते, “कुटं लागलंय म्हनालास माजं नाव?”

तुम्ही आता पिशवीतून उतारा काढता आणि रकाना दाखवता. तिला फार वाचता येत नाही, पण आपलं नाव ओळखता येतं. साक्षरता वर्गात शिकलेली तेवढी चार-पाच अक्षरं. ती बोट ठेवते. मग बोट डावीकडे सरकवते, भावांच्या नावांवर.

“आन हे दोघं हितं का?”

“ते भोगवटादार आहेत, आत्या. तुम्ही इतर हक्कात.”

“इतर म्हंजी?”

या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर तुम्हाला येतं. ते तुम्ही देत नाही. “म्हणजे बाकीचे,” असं म्हणता, आणि ते शब्द तोंडातून निघतानाच नकोसे होतात.

“मला बाकीचं नको. भावांच्या बरुबर लाव. मग इकायची का न्हाई ते तिगं बसून बोलू.”

खिशात फोन थरथरतो. आबा. गावात तुमची गाडी दिसली असणार, मागे कोण बसलं होतं तेही. तुम्ही फोन परत खिशात ठेवता. फाईलमध्ये कोरा कागद आहे. बांधावर उकिडवं बसून, फाईलचा आधार घेऊन तुम्ही लिहू लागता. प्रति, मा. तहसीलदार साहेब, मुळशी, मु. पौड. विषय : वारसनोंदीत दुरुस्ती होऊन नाव भोगवटादार सदरी लावण्याबाबत. गट नंबर, क्षेत्र, फेरफार क्रमांक, साल 2003. भावांना नोटीस निघेल, ते हरकत घेतील, तारखा पडतील. ही फाईल या वर्षी विकली जाणार नाही. पार्टी टोकन परत मागेल. अर्जदाराचं मयताशी नातं, या जागी तुम्ही लिहिता : मुलगी.

आत्या पेन हातात घेते. अक्षर अक्षर जोडत सही करते, वेलांटी राहते, ती परत देते. उन्हं टेकडीच्या मागे गेली आहेत आणि ओढ्याकडून गार वारा सुटला आहे.

“वाच,” ती म्हणते.

तुम्ही पहिल्यापासून वाचता. ती पदर सावरून ऐकते, आणि तिचं नाव येतं तिथे तुम्हाला थांबवते.

“हितनं परत वाच.”